डावीकडे जाणारे बाण

३ सप्टेंबर

जमना राठोडला आज मैदानावरून घरी पाठवले. दंड दुखतो म्हणाली. परवाही दुखत होता. मी सांगितले, ज्यांना दुखते त्यांनी घरी बसावे, इथे येऊन बाकीच्यांचा वेळ खाऊ नये. तिने धनुष्य भिंतीला टेकवले आणि चपला घालून निघून गेली. रडली नाही, एवढे बरे केले. बाकीच्या मुली बघत होत्या. बघू देत. एकीला सांगितले की सगळ्यांना कळते.

मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी रोज सकाळ-संध्याकाळ मी शाळेच्या मैदानावर उभी असते, फुकट. शेलूबाजारात ह्याचे कोणाला काही वाटत नाही. हायवेवर ढाबा काढला असता तर कौतुक झाले असते. माझ्या जागी आलेला क्रीडाशिक्षक प्रसेनजित तर मला बघून असा हसतो जसे काही मी शाळेच्या सामानातलीच एक जुनी वस्तू आहे. त्याला शहरातली धातूची धनुष्ये हवीत. आमची बांबूची. मी अमरावतीला कॉलेजात शिकले तीही बांबूवर, आणि मुलींमध्ये दोन वर्षे कोणी माझ्यापुढे गेले नाही.

फरहा जिल्ह्यात पहिली आली आहे. पुढच्या महिन्यात अकोल्याला विभागाची निवड. तिथून राज्यात गेली की क्रीडा वसतिगृहात जागा, शिक्षण, जेवण, सगळे. ह्या वयोगटातले तिचे हे शेवटचे वर्ष. आता नाही तर नाही. उद्यापासून तिचा सराव वाढवते.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. प्रसेनजितला शाल आणि फेटा. मला नारळ. मी नारळ शिपायाला देऊन टाकला.

पण संध्याकाळ चांगली गेली. फरहाचे नवे बाण जुळवले. बांबूच्या धनुष्याला बाण टेकवायला वेगळी जागा नसते, तो मुठीवरून धनुष्याला घासत जातो. सुटताना बाण वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. हवा तेवढाच वाकला पाहिजे. ताठ असला तर डावीकडे जातो, लुळा असला तर उजवीकडे. म्हणून आधी पिसे न लावता मारून बघायचे, कारण पिसे दोष झाकतात. ताठ निघाला की काचेच्या तुकड्याने काडी तासायची, मारायचे, परत तासायचे. घाई केली तर काडी गेली.

मी मधल्या अंतरावर, बाजूला सुरक्षित उभी राहते. बाणाची शेपटी कुठे हलते ते तिथूनच दिसते. प्रसेनजित मुलींच्या मागे उभा राहून खांदे, कोपर, पाय बघत बसतो. मला त्याची गरज नाही. मुलगी दहा सबबी सांगेल. बाण सांगत नाही.

शेवटचे सगळे बाण मधोमध गेले. फरहा हसली. मी म्हटले, हसायचे अकोल्याला.

९ सप्टेंबर

बाण डावीकडे! चार दिवसांत! सगळे, एकजात, वीतभर डावीकडे. पिसे काढून मारायला लावले तर आणखीच डावीकडे.

फरहाला विचारले, तू वेगळे काय करतेस? म्हणाली, "काहीच नाई मॅडम." मग दोष काड्यांचा. ओलावा. काडी ओली असताना तासली, आता वाळून कडक झाली. म्हणजे मंगरूळपीरचा रामधन, ज्याच्याकडून मी बाणांसाठी बांबूच्या कामट्या घेते, त्याने मला ओली कामटी वाळलेली म्हणून दिली. जीप पकडून तडक तिथे गेले. तो टोपल्या विणत बसला होता.

"रामधन, फसवलंस तू मला."

"कायले फसवतो बाई? बसा तर खरं."

"बसत नाही. कामटी ओली दिलीस."

"ओली? मागच्या दिवाळीची हाय ते. माह्या माळ्यावर धूर खात होती. माही बायको म्हणे, बाईले देऊन टाक, नाईतर चुलीत घालतो."

"मग बाण डावीकडे का जातात?"

"मले काय ठाऊक? मी सुपं विकतो. सूप डावीकडं गेलं असं कोनी सांगत आलं नाई अजून."

शेजारचे दुकानदार हसले. मी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की ह्याच्याकडून काडी घेऊ नका. परत येताना जीपवाल्याने मागच्या बाकावर पाच जणी कोंबल्या. त्यालाही सांगितले.

१० सप्टेंबर

फरहाचे सगळे बाण काचेने परत तासले. पुन्हा मधोमध. रामधन खोटे बोलला ह्याचा आणखी काय पुरावा हवा.

१६ सप्टेंबर

ईद-ए-मिलाद. शाळेला सुटी, सरावाला नाही. सकाळी फरहा वेळेवर आली, म्हणून दुपारी तिच्या आईचे बोलावणे मी मोडले नाही. तिच्या वडिलांचे, दिलावरचे, गाद्यांचे दुकान खाली, घर वर. मेहरबीने खीर, पुऱ्या, मटण काढले. मी मटण खात नाही हे तिला माहीत होते. माझ्यासाठी बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात केली होती. असे लक्ष ठेवणारी माणसे कमी.

जेवताना फरहाने डाव्या हाताने पुरी उचलली. मेहरबीने पटकन तिच्या मनगटावर मारले. "सीधे हाथ से! मेहमान बैठे है, और ये लडकी!" फरहाने हात बदलला. मग घासाकडे डोकेच खाली नेऊ लागली. मेहरबी मला म्हणाली, "आठ दिवस झाले बाई, सांगून सांगून थकली मी. डाव्या हातानं पानी, डाव्या हातानं रोटी. येवढी मोठी घोडी झाली, आन् आता बिघडून राह्यली."

मी म्हटले, बरे करता. शिस्त घरातूनच येते.

मेहरबी खूश झाली. "तुमी हाय म्हणून मले फिकीर नाई. दुसऱ्याच्या भरोशावर मी पोरीले मैदानात पाठवली नसती."

धाकटी तूबा खाली मान घालून खीर खात होती. मध्येच म्हणाली, "अम्मी, आपा के..." फरहाने तिच्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली. बहिणींची भांडणे. मला बहीण नाही, त्यामुळे मला ती समजत नाहीत.

१९ सप्टेंबर

पुन्हा डावीकडे. आणि आता खालीही. बाण निशाणाच्या पायाशी पडतात.

बांबू असा वागत नाही. एकदा वाळला की वाळला. तर मग धनुष्य ढिले झाले असेल म्हणून मी दोरी बदलली. फरक नाही. फरहाला झापले, मन कुठे आहे? ती "सॉरी मॅडम" म्हणाली. तिचा चेहरा घामाने भिजला होता. ऊन नव्हते.

मग प्रसेनजित आला. आगाऊपणाने, माझ्या मुलीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, एक सांगू का? रागावू नका."

"रागावेन. सांगा."

"बाण ठेवा बाजूला. तिची कोपर बघा एकदा. खाली येऊन राह्यली. पूर्ण ओढतच नाई ते."

"तुम्ही तुमची पुलीची धनुष्ये बघा."

"मॅडम, मी तिला काही माझ्याकडं ओढून नाई राह्यलो."

"तेच करताय. जिल्ह्यात पहिली आली तेव्हा कुठे होता? आता तयार फळ दिसलं तर हात लांबवता."

मुलींसमोर बोलायला नको होते, पण बोलले. तो हात जोडून निघून गेला. जाताना म्हणाला, "तुमची मर्जी. पोरगी बी तुमचीच."

अर्थात माझीच. तिच्या हातात पहिले धनुष्य मी दिले.

२० सप्टेंबर

तासले. सरळ आणि वर. काड्या आता बऱ्याच बारीक झाल्या आहेत, पण उडतात कशा! शेपटी जराही हलत नाही. इतके चांगले बाण मी कधी जुळवले नव्हते, स्वतःसाठीसुद्धा नाही. प्रसेनजित मैदानाच्या टोकाला उभा होता. दिसले असेल त्याला.

२६ सप्टेंबर

तीन गोष्टींचा राग आला आज.

एक. तूबा रोज फरहाची बॅग उचलून आणते. आज तर धनुष्याला दोरीही तीच चढवत होती, धापा टाकत. मी म्हटले, ही राणी आहे का? जिचे धनुष्य तिने दोरी चढवायची. तूबा म्हणाली, "मॅडम, मले आवडते." खोटे बोलताना तिचे कान लाल होतात. मी फरहाला दोरी चढवायला लावली. तिने गुडघा लावून, डाव्या हाताने, कशीबशी चढवली. आळस अंगात भिनला की असे होते.

दोन. फरहाने विचारले, "मॅडम, आज थोडे कमी मारू का?" निवड तोंडावर असताना! मी म्हटले, अकोल्याच्या मुली कमी मारत असतील असे वाटते का तुला? तिने सगळे मारले.

तीन. बाण पुन्हा डावीकडे.

हे शेवटचे मला समजत नाही. मी प्रामाणिकपणे लिहिते, समजत नाही. काडी तासली की ती मऊच होते, आपोआप परत ताठ होत नाही. तरी ताठ असल्यासारखी जाते. तीन वेळा तेच. मी कुठेतरी चुकते आहे किंवा माझे वय झाले आहे. दोन्ही मला मान्य नाही.

उद्या आणखी तासून बघते.

२८ सप्टेंबर

डाव्या हाताला बँडेज आहे म्हणून वही कडेने दाबता येत नाही, अक्षर वाकडे येत आहे.

सकाळी नव्याने तासलेले बाण फरहाने मारले. बहुतेक सरळ. शेवटचे तेवढे डावीकडे ढळले. माझा तोल गेला. "बाण चांगले आहेत, तुझे मन चांगले नाही," असे म्हणून मी तिच्या हातातून धनुष्य घेतले. दाखवते, म्हटले, ह्याच बाणांनी कसे मारतात.

कित्येक महिन्यांनी ओढले. अंगाला सवय आहे, विसरत नाही. दोरी हनुवटीला लागली, बाणाचे टोक मुठीशी आले, सोडला. बाण सापासारखा वळवळत उजवीकडे गेला. हातभर उजवीकडे. दुसरा घेतला, तोही उजवीकडे. कोणीतरी मागे फिसकन हसले. तिसरा मी रागाने ओढला, जरा जास्तच, आणि सोडताक्षणी तो मुठीवरच फुटला. बांबूची चीप अंगठ्याच्या खाली आरपार.

दुखले. पण त्या क्षणी मी हाताकडे पाहत नव्हते. उजवीकडे, उजवीकडे, फुटला. हे लुळे बाण आहेत. माझ्या हातात इतके लुळे की फुटतात, आणि हिच्या हातात ताठ. म्हणजे ही पूर्ण ओढतच नाही; कमी ओढीला बाण पुरेसा वाकत नाही, ताठ असल्यासारखा डावीकडे जातो. मी बाण जुळवत होते ते तिच्या अर्ध्या ओढीला. ओढ कमी झाली की मी तासायचे, आणखी कमी झाली की आणखी.

मुली पाणी, रुमाल घेऊन धावल्या. मी म्हटले, थांबा. फरहा, धनुष्य घे. ओढ.

"मॅडम, रक्त येऊन राह्यलं तुमाले."

"ओढ म्हणते ना."

मी तिच्यासमोर, दोन पावलांवर उभी राहिले. तिने ओढायला घेतले. दोरी गळ्याच्याही पुढे थांबली. कोपर खाली. ओठ पांढरे. बाणाचे टोक मुठीच्या चार बोटे पुढे, आणि ते थरथरत होते.

"किती दिवस?"

तूबा बोलली. "गणपतीच्या आंधीपासून. रात्री झोपत बी नाई ते. केसं बी मीच विंचरतो तिचे."

"मला का सांगितले नाही?" मी ओरडले. माझा आवाज वर्गांपर्यंत गेला असणार, कारण प्रसेनजित धावत आला.

फरहाने धनुष्य खाली ठेवले. शांतपणे म्हणाली, "जमनाले तुमी काय केलं मॅडम? सांगितलं तर तिनं."

प्रसेनजितने मला मोटारसायकलवर दवाखान्यात नेले. रस्ताभर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते, मला भांडता आले असते.

२९ सप्टेंबर

वाशिमला हाडांच्या डॉक्टरकडे फरहाला घेऊन गेले, मेहरबी सोबत. खांद्याचा स्नायू सुजला आहे, थोडा फाटलाही आहे. दोन महिने धनुष्य नाही. तरीही ओढले तर पुढे हात डोक्यावर नेता येणार नाही, असे तो म्हणाला. तो सहज बोलला. त्याच्यापुढे रोज पन्नास खांदे येत असतील.

मेहरबी बसस्टँडवर, लोकांसमोर:

"बाई, मी आई असून मारलं तिले. डाव्या हातानं खाते म्हणून मारलं. मले काय मालूम? मी गाद्या शिवतो. पन तुमी? तुमी तर दोन टाइम तिच्यासमोर उभ्या राह्यता!"

मी म्हटले, मी समोर उभी राहत नाही, बाजूला राहते.

हे उत्तर मी का दिले, कळत नाही. खरे आहे म्हणून दिले. मेहरबीने माझ्याकडे असे पाहिले की मी तिच्या बसमध्ये न चढता मागच्या बसने आले.

१ ऑक्टोबर

जमनाच्या तांड्यावर जायला हवे. गेले नाही.

२ ऑक्टोबर

संध्याकाळी फरहा आली. एकटी, हात झोळीत. दारातच उभी राहिली.

"मॅडम, आठ तारखेले अकोला आहे."

"माहीत आहे."

"छत्तीस बाण मारायचे फक्त. गोळी खाऊन मी मारतो. तुमी आनखी थोडे तासून द्या."

मी म्हटले, डॉक्टरने काय सांगितले ऐकलेस ना?

"पुढच्या साली मी या गटात नाई. मंग कोन घेते मले वसतिगृहात? अम्मी म्हणते, झालं तुहं खेळनं, आता दुकानात बस, गाद्या शिव." ती रडत नव्हती. हिशेब सांगावा तसे सांगत होती. "तुमचे बाण माह्या अर्ध्या हातानं बी सरळ जातेत. तुमीच तर केले. येक डाव तासा, मॅडम."

मी तिला चहा दिला. डाव्या हाताने प्याली. मी तिला उद्या सांगते असे म्हणून पाठवले.

हे लिहिताना टेबलावर तिचा एक बाण आहे आणि काच आहे. मी करू शकते. एवढेच खरे आहे, की मी करू शकते. आणखी केसभर काढले तर काडी अर्ध्या ओढीवर निशाणापर्यंत जाईल. छत्तीसच मारायचे आहेत. ती स्वतः मागते आहे. निवड झाली तर मधल्या काळात खांदा बरा होईल. नाही झाला तर. काड्या मजबूत आहेत, तिच्या ओढीला फुटणार नाहीत. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक बाजूने ते जमण्यासारखे आहे. म्हणूनच मला स्वतःची भीती वाटते.

थोडे तासलेसुद्धा. पांढरा भुसा टेबलावर पडला. मग थांबले.

३ ऑक्टोबर

सकाळी अकोल्याला फोन करून तिचे नाव काढायला सांगितले. पलीकडच्या माणसाने विचारले, "कारण काय लिहू? आजारी?" मी म्हटले, प्रशिक्षकाची चूक. तो म्हणाला, असा रकाना नाही. त्याने आजारी लिहिले.

फरहाच्या घरी जाऊन सांगितले. दुकानात दिलावर कापूस पिंजत होता, मान वर केली नाही. फरहा जिन्यात बसली होती. मला वाटले होते ओरडेल. म्हणाली, "दुखून मले राह्यलं होतं. तुमाले नाई. मंग नाव तुमी काहून काढलं?"

मी म्हटले, मोठी झाल्यावर कळेल, आणि तोंडातून निघताच ते वाक्य मला इतके घाण वाटले की मी जिना उतरून खाली आले. मागून मेहरबीचा आवाज आला, "बाई, चाय." मी थांबले नाही. थांबायला हवे होते.

९ ऑक्टोबर

काल अकोल्याची निवड झाली. कोण निवडले गेले, मी विचारले नाही. प्रसेनजितने स्वतःहून सांगितले नाही.

आज सकाळी मैदानावर सगळ्या मुलींना रांगेत उभे केले. विचारले, कोणाला काही दुखते आहे का? खांदा, कोपर, बोटे, पाठ?

"नाई मॅडम." सगळ्या, एका सुरात. राष्ट्रगीतासारखे.

पुन्हा विचारले, जरा हळू आवाजात. पुन्हा तसेच. मला तो सूर आवडत असे.

मग मी एकेकीच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हात वर करायला लावले. वर, मागे, दुसऱ्या खांद्यावर. बाणाकडे बघायला तिथे बाण नव्हताच. चेहरेच होते. रांगेच्या शेवटी पाचवीतली छोटी, प्रसेनजितने नुकतीच आणलेली. हात अर्ध्यावर आला आणि ती हसली.

"हसतेस काय?"

"काही नाई मॅडम. दुखत नाई मॅडम."

मी तिचा हात धरला. कोपराच्या आत गाठ आली होती, लिंबाएवढी. विचारले, कधीपासून? ती हसतच राहिली, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. म्हणाली, "मॅडम, मले घरी नका पाठवू."

मला राग आला होता, आणि ह्या वेळी तो कोणावर काढावा असे मैदानावर दुसरे कोणी नव्हते. मी तिच्यासमोर खाली मातीत बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागणार नाही, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून विचारले.

ह्या वेळी तिला सांगायला बराच वेळ लागला. मी उठले नाही.